फर्नेस बंद पडलाय आणि माणूस म्हणतोय, आजच सही करा

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. घर २२ वर्षांचं. बेसमेंटमध्ये घर तापवणारा, गॅसवर चालणारा फर्नेस, मागच्या अंगणात एसीचं युनिट, दोन्ही घराइतकेच जुने. सासू-सासरे पुण्याहून पहिल्यांदाच थंडीत आले आहेत. एका रात्री फर्नेस बंद पडला. सकाळी मेकॅनिक आला, आत डोकावला आणि म्हणाला, "हीट एक्स्चेंजरला तडा गेलाय, आता हा चालवता येणार नाही." तासाभरात त्याच कंपनीचा दुसरा माणूस टॅब्लेट घेऊन हजर झाला. फर्नेस आणि एसी दोन्ही नवीन, १७ हजार डॉलर, आज सही केली तर दीड हजार कमी. एसी तर चालू होता, असं म्हटल्यावर उत्तर मिळालं, "त्यातला गॅस सरकारने बंद केलाय." त्या विचारतात, घरात दोन वयस्कर माणसं कुडकुडत असताना सही करायची की थांबायचं?

ताई, थांबा. पण फर्नेस बंद ठेवून थांबा. मेकॅनिकने "वापरू नका" असं बजावणारा लाल टॅग लावला असेल तर तो काढून "बघू तरी चालतोय का" असं कुणीही करू नये. फर्नेसमध्ये गॅस धातूच्या बंद कप्प्यांत जळतो, धूर पाइपातून बाहेर जातो आणि घरातली हवा त्या कप्प्यांच्या बाहेरून वाहत तापते. या कप्प्यांना हीट एक्स्चेंजर म्हणतात. त्याला खरोखरच तडा गेला असेल तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड घरभर फिरू शकतो. त्याला ना रंग ना वास. डोकं दुखतं, मळमळतं, झोप आल्यासारखं वाटतं, आणि आपल्याकडे घरातले म्हणतात, प्रवासाचा शीण असेल. आगीच्या घटना वगळूनही अमेरिकेत दरवर्षी ४०० हून जास्त माणसं या वायूने दगावतात. न्यू जर्सीत घरात त्याचा अलार्म असणं कायद्याने बंधनकारक आहे. आजच अलार्म उलटा करून मागची तारीख बघा. बहुतेक अलार्म ५ ते १० वर्षांत निकामी होतात, पण टेस्टचं बटण दाबलं की तरीही वाजू शकतात. आई-बाबा झोपतात त्या खोलीबाहेर एक हवाच, आणि बेसमेंटसकट प्रत्येक मजल्यावर एक.

आता त्या तड्याबद्दल. जुन्या फर्नेसला तडे जातात, ही कल्पित गोष्ट नाही. पण घाबरवून विक्री करायलाही हाच तडा सगळ्यात सोयीचा पडतो, कारण तो घरमालकाला दिसत नाही. म्हणून पुरावा मागा. कॅमेऱ्याने काढलेला फोटो किंवा व्हिडिओ, धुराच्या पाइपातलं आणि खोलीत येणाऱ्या हवेतलं कार्बन मोनॉक्साइडचं रीडिंग, आणि हे सगळं कागदावर. प्रामाणिक माणूस हे न मागता दाखवतो. नुसतं "मी वीस वर्षं हेच काम करतोय" म्हणणाऱ्याला नम्रपणे दारापर्यंत सोडा आणि दुसऱ्या कंपनीचा माणूस बोलवा. त्याला आधीचं निदान सांगू नका, फक्त "बंद पडलाय, बघा" एवढंच सांगा. शिवाय फर्नेसच्या पाटीवरचा मॉडेल आणि सीरियल नंबर टिपून उत्पादकाला फोन करा. हीट एक्स्चेंजरची वॉरंटी इतर भागांपेक्षा बरीच लांब असते, कित्येकदा २० वर्षं किंवा पहिल्या मालकाकडे असेपर्यंत कायमची. भाग फुकट मिळाला तरी मजुरी तुमचीच, आणि ती थोडी नसते.

माझं मत विचाराल तर २२ वर्षांच्या फर्नेसवर मोठा खर्च करू नये. तो बदलावा लागेल, हे कदाचित खरंच निघेल. पण एसी हा वेगळा निर्णय आहे, आणि जानेवारीत तो घ्यायची घाई कुणालाच नाही. दोन्ही एकत्र बदलण्यात एक खरी सोय आहे. एसीची हवा गार करणारी कॉइल फर्नेसच्या डोक्यावरच बसते, त्यामुळे एकाच मजुरीत दोन्ही कामं होतात. म्हणून कोटेशन दोन्ही प्रकारे मागा, फक्त फर्नेस आणि दोन्ही मिळून. फरक समोर दिसला की ठरवणं सोपं जातं.

एसीतल्या थंडावा देणाऱ्या गॅसबद्दल तुम्हाला अर्धवट सांगितलं गेलं. आर-२२ या जुन्या गॅसचं उत्पादन आणि आयात अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून बंद आहे. तुमच्या वयाच्या युनिटमध्ये तोच असण्याची शक्यता मोठी, तरी बाहेरच्या युनिटची पाटी वाचून खात्री करा. त्यानंतर आलेला आर-४१०ए वापरणारे नवे घरगुती एसी बनवणं १ जानेवारी २०२५ पासून थांबलं, आणि आता आर-३२ किंवा आर-४५४बी वर चालणारे मिळतात. यातला कुठलाही नियम तुमच्या घरातला चालू एसी काढून टाकायला सांगत नाही. तो चालतोय तोवर चालवा. आर-२२ च्या एसीतून गॅस गळायला लागला, तर मात्र तो गॅस भरण्यात पैसे घालू नका.

इथे पुण्या-मुंबईची एक सवय आड येते. दर उन्हाळ्यात एसीवाला येऊन "गॅस भरावा लागेल" म्हणतो आणि आपण भरून घेतो. एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा खर्च होत नाही. नळ्या सीलबंद असतात, तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणार. गळती कुठे आहे ते आधी दाखवा, असं सांगायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

टनाबद्दलही तसंच. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता. "आधी तीन टनाचा होता ना, चार टनाचा लावू, मस्त गार होईल," असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नका. गरजेपेक्षा मोठा एसी पटकन थंड करून बंद होतो आणि हवेतला दमटपणा काढायला त्याला वेळच मिळत नाही. न्यू जर्सीचा जुलै दमट असतो, मग घर गार पण चिकट राहतं. खिडक्या, भिंतींतलं इन्सुलेशन, घराची दिशा हे धरून हिशेब करण्याची पद्धत ठरलेली आहे, तिला मॅन्युअल जे म्हणतात. तो हिशेब कागदावर द्याल का, असं विचारा. जुन्या युनिटचा आकडा बघून कोटेशन लिहिणारा आणि टेप घेऊन खिडक्या मोजणारा, यांतला दुसरा निवडा, थोडा महाग असला तरी.

न्यू जर्सीत हे काम करायला राज्याचं एचव्हीएसीआर (हीटिंग, व्हेंटिलेशन, एसी आणि रेफ्रिजरेशन) लायसन्स लागतं आणि ते कन्झ्युमर अफेअर्स विभागाच्या वेबसाइटवर तपासता येतं. यंत्र बदलायला टाउनशिपचं, म्हणजे गावच्या पालिकेचं, परमिटही लागतं. "परमिट कशाला, पैसे वाचतील" म्हणणाऱ्याला काम देऊ नका. परमिट काढलं की टाउनशिपचा इन्स्पेक्टर येऊन गॅसची जोडणी आणि धुराचा पाइप बघतो. घर विकताना हाच कागद मागतात. फेडरल टॅक्स क्रेडिटचं आमिष कुणी दाखवत असेल, तर हीट पंपावर (विजेवर घर गरमही आणि गारही करणारं यंत्र) २,००० डॉलरपर्यंत मिळणारी सवलत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत बसवलेल्या यंत्रांपुरतीच होती. वीज आणि गॅस कंपन्यांच्या सवलती वेगळ्या असतात, त्या त्यांच्याच साइटवर बघा.

तोवर रात्री कशा काढायच्या? तेल भरलेले इलेक्ट्रिक रेडिएटर आणा आणि सगळ्यांनी एक-दोन खोल्यांत झोपा. असा हीटर साधारण १,५०० वॉट घेतो, त्यामुळे तो थेट भिंतीतल्या सॉकेटमध्येच लावायचा. एक्स्टेंशन कॉर्ड नको, पॉवर स्ट्रिप नको. पांघरूण आणि पडदे त्याच्यापासून तीन फूट लांब. गॅसचा ओव्हन उघडा ठेवून घर तापवायचं नाही, आणि कोळशाची शेगडी पेटवायचा विचार तर मनातही आणू नका. बाहेरच्या भिंतीलगतचे नळ रात्री बारीक धारेने वाहू द्या, नाहीतर पाइप गोठून फुटतात.

आणखी एक गोष्ट, जी पुढच्या वेळी मेकॅनिकचा हेलपाटा वाचवेल. या भागात बऱ्याच घरांत बेसमेंटच्या जिन्याच्या वर लाल पाटीचा एक स्विच असतो. तो फर्नेसचा मेन स्विच. दिसतो अगदी दिव्याच्या बटणासारखा. आपली वडीलधारी मंडळी झोपण्यापूर्वी घरभर फिरून सगळी बटणं बंद करतात, आणि त्यात हाही बंद होतो. त्यावर मराठीत ठळक चिठ्ठी लावा, "हे बटण बंद करू नये." फर्नेस सुरू होत नसेल तर आधी हा स्विच बघा, मग थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या, मग हवेचा फिल्टर, मग फर्नेसचं खालचं झाकण नीट बसलंय का ते. झाकण जरा जरी निसटलं तरी आतला सुरक्षा स्विच यंत्र चालूच होऊ देत नाही. झाकणावर एक छोटी काच असते आणि तिच्यामागे एक दिवा लुकलुकतो. किती वेळा लुकलुकला ते मोजा. त्याचा अर्थ झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेला असतो. फोनवर हे सांगितलंत तर मेकॅनिक योग्य भाग घेऊन येईल. ज्योत पेटून काही सेकंदांत विझत असेल तर बऱ्याचदा ज्योत ओळखणाऱ्या फ्लेम सेन्सरवर थर बसलेला असतो. तो साफ करणं हे पंधरा मिनिटांचं काम आहे, त्यासाठी नवा फर्नेस लागत नाही.

फिल्टरच्या बाबतीत आपल्या घरांना पाकिटावरची तीन महिन्यांनी बदलायची मुदत लागू पडत नाही. रोजची फोडणी, तळण, उदबत्ती यांचा तेलकट धूर घरातली हवा फर्नेसकडे परत ओढणाऱ्या जाळीतून फिल्टरवर आणि पुढे कॉइलवर बसतो. दर महिन्याला काढून दिव्यासमोर धरा, उजेड पलीकडे दिसला नाही तर बदला. फिल्टरवरच्या बाणाचं टोक फर्नेसकडे हवं. सर्वांत दाट फिल्टर सर्वांत चांगला, असंही नाही. एक इंचाच्या खाचेत फार दाट फिल्टर घातला की हवा अडते, फर्नेस जास्त तापतो आणि हीट एक्स्चेंजरच्या कप्प्यांना तडे जाण्याचं तेही एक कारण आहे. स्वयंपाकाच्या गॅसच्या वरचा पंखा हवा घराबाहेर टाकतो की जाळीतून पुन्हा स्वयंपाकघरातच सोडतो, तेही एकदा बघून घ्या. होम किंवा सत्यनारायणासाठी धुराचा अलार्म झाकलात, तर आरती झाल्यावर तो उघडायची जबाबदारी एका माणसाला नाव घेऊन द्या.

सासूबाईंचा घसा सुकतो, नाकातून रक्त येतं, असंही तुम्ही लिहिलंय. बाहेरची गोठलेली हवा आत येऊन तापली की फार कोरडी होते. घरातली आर्द्रता ३० ते ४० टक्क्यांच्या आसपास ठेवा. दहा-पंधरा डॉलरचा मीटर मिळतो. खिडक्यांच्या काचांवर पाणी जमायला लागलं तर ह्युमिडिफायर कमी करा, नाहीतर चौकटीत बुरशी धरते. थर्मोस्टॅट ६८ फॅरेनहाइटवर म्हणजे २० सेल्सिअस. पुण्याहून आलेल्यांना ते फारच थंड आहे आणि त्यांनी सोसावं असं मला वाटत नाही. बिल चार पैसे जास्त आलं तरी चालेल, ७२ करा. वापरात नसलेल्या खोल्यांचे व्हेंट बंद करून किंवा त्यांवर टॉवेल टाकून मात्र काही वाचत नाही, उलट हवेचा दाब वाढून यंत्रावर ताण येतो.

हे छापून येईपर्यंत तुम्ही सही केली असेल तरी अजून वाट आहे. तुमच्या घरी येऊन केलेल्या विक्रीचा करार फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमानुसार तिसऱ्या कामाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत रद्द करता येतो, आणि यात शनिवारही कामाचा दिवस धरतात. तुम्ही बोलावलेल्या दुरुस्तीला हा नियम लागत नाही, पण त्या निमित्ताने गळ्यात मारलेल्या जास्तीच्या मालाला लागतो. "तातडीची गरज असल्याने मी हा हक्क सोडते" असं तुमच्या हस्ताक्षरात लिहून मागितलं तर लिहू नका. रद्द करण्याचं पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. कॅनडातल्या ब्रॅम्प्टन-मिसिसागाच्या वाचकांसाठी, ऑन्टारियोत १ मार्च २०१८ पासून न बोलावता दारात येऊन फर्नेस-एसी विकायलाच बंदी आहे. तिथे दारात उभ्या माणसाला विजेचं बिल दाखवायचीही गरज नाही.