लीग कोणाची, बातमी कोणाची?

प्रश्न : इंडियन सुपर लीग या देशातील अव्वल फुटबॉल लीगचा २०२५-२६ चा हंगाम रखडला, तेव्हा मी पाहिलेल्या बहुतेक चर्चांत सारा दोष अखिल भारतीय फुटबॉल महासंघावर टाकला गेला. यामागे वाहिन्यांची मालकी असेल का? (एक वाचक, अंधेरी)

उत्तर : केवळ मालकी पाहून एखाद्या वार्ताहराच्या हेतूबद्दल निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल, पण मालकी ठाऊक नसताना ती चर्चा ऐकणे म्हणजे अर्धीच बातमी ऐकणे होय. २०१० मध्ये महासंघाने व्यावसायिक हक्क १५ वर्षांसाठी, ७०० कोटी रुपयांना, आयएमजी-रिलायन्सला दिले. २०१४ पासून जी लीग चालवत होती, ती एफएसडीएल (फुटबॉल स्पोर्ट्स डेव्हलपमेंट लिमिटेड) ही कंपनी रिलायन्स समूहाची. त्याच वर्षी नेटवर्क१८ हा वृत्तसमूह रिलायन्सच्या ताब्यात आला आणि स्टार व रिलायन्सच्या माध्यम व्यवसायांच्या २०२४ अखेरच्या विलीनीकरणानंतर स्टार स्पोर्ट्सही त्याच छत्राखाली गेले. म्हणजे हंगाम रखडला तेव्हा आयोजक, प्रक्षेपक आणि वृत्तवाहिनी यांचे धागे एकाच घराण्यात गुंफलेले होते. महासंघाचा कारभार सदोष होता, हे मलाही मान्य आहे. त्याच्या घटनेचा, म्हणजे नियमावलीचा, वाद सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षे चालला. मात्र जुलै २०२५ मध्ये हंगाम स्थगित करताना एफएसडीएलने दिलेले कारण, करार डिसेंबरमध्ये संपतो आणि पुढचे काही ठरलेले नाही, हे दोन्ही पक्षांना लागू होते. पक्षपात खोट्या वाक्यात क्वचितच असतो. तो न विचारलेल्या प्रश्नात असतो. अकरा हंगामांत लीग स्वतःच्या पायावर का उभी राहिली नाही आणि नोव्हेंबरमध्ये नव्या हक्कांसाठी एकही निविदा का आली नाही, हे आयोजकालाही विचारायला हवे होते.

प्रश्न : हितसंबंध उघड करण्याचे बंधन नाही का? (एक विद्यार्थिनी, दादर)

उत्तर : अपुरे आहे. माध्यमसमूहाचे समभाग असलेल्या कंपनीची बातमी देताना तो हिस्सा बातमीतच नमूद करावा, अशी सूचना सेबी या शेअर बाजार नियामकाच्या आग्रहावरून २०१० मध्ये आली. मालकीच्या केंद्रीकरणावर ट्राय या दूरसंचार व प्रसारण नियामकाने २०१४ मध्ये सविस्तर शिफारशी केल्या, पण त्यांचा कायदा झाला नाही. 'या लीगचे आयोजक व आमची वाहिनी एकाच समूहाच्या आहेत' एवढी पट्टी पडद्यावर चालवायला मात्र कोणत्याही कायद्याची गरज नव्हती.

प्रश्न : मराठी दैनिकांत तर ही बातमी जेमतेमच दिसली. हाही पक्षपातच ना? (एक वाचक, परळ)

उत्तर : येथे मालकीपेक्षा क्रीडापानाची सवय अधिक जबाबदार आहे. क्रिकेटला जागा दिल्यावर उरलेल्या दोन रकान्यांत फुटबॉलची ओळख परदेशी क्लबांपुरती राहते. ज्या मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स चषक ही फुटबॉल स्पर्धा रंगली आणि कूपरेजच्या मैदानावर पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू घडले, तेथे हे मला फार खुपते. ऑगस्टमध्ये काही क्लबांनी खेळाडूंचे वेतन थांबवले, तेव्हा अंधेरीच्या मैदानावर माळीकाम करणाऱ्यांचे, फिजिओंचे, युवा संघांच्या प्रशिक्षकांचे काय झाले, हे विचारायला लोकलचे एक तिकीट पुरेसे होते.