पोरगी लॅबमध्ये नेमकं काय करते?

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात केमिस्ट्रीत पीएच.डी. करते. विषय विचारला तर म्हणते, 'उजेडाला प्रतिसाद देणारे मेटल कॉम्प्लेक्स, ऊर्जेसाठी.' पारावर कोणी विचारलं की मी गप्प. यातून शेतातल्या पंपाचं पॅनल स्वस्त होईल का?
– एक केळी उत्पादक, रावेर

उत्तर : भाऊ, पंपाचं आधी सांगतो. लगेच काही नाही. तुमचं पॅनल सिलिकॉनचं, पोरीची वाट निराळी.

मी जळगावच्या कॉलेजात बत्तीस वर्षं केमिस्ट्री शिकवली. बी.एस्सी.ची पोरं लोह आणि ऑक्झलेट नावाच्या रेणूचे हिरवेगार खडे बनवायची. एका मार्चमध्ये एकानं ते खिडकीत वाळत घातले. डबा खाऊन येईतो वरून पिवळे! 'सर, माल बिघडला.' बिघडवला होता आपल्या उन्हानं. त्यानं ऑक्झलेटचा इलेक्ट्रॉन लोहाकडे ढकलला आणि ऑक्झलेटचा कार्बन डायऑक्साइड होऊन उडून गेला. मेटल कॉम्प्लेक्स तो हाच : मधे धातू, भोवती त्याला धरून बसलेले रेणू.

मुलीला मात्र असा कॉम्प्लेक्स हवा, जो ऊन पिऊन इलेक्ट्रॉन पुढे देईल आणि स्वतः शाबूत राहील. रुथेनियम नावाच्या धातूला हे जमतं. १९९१ साली ओ'रेगन आणि ग्रेट्झेल या शास्त्रज्ञांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर रुथेनियमचा रंग चढवून सात टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमतेचा सौरघट केला. पण रुथेनियम दुर्मीळ आणि महाग. लोखंड मुबलक, तरी त्याचं एक वाईट आहे.

केळीचा घड हातोहात ट्रकपर्यंत जातो ना? रुथेनियम उन्हाचा घड, म्हणजे उन्हातून मिळालेली ऊर्जा, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास पेलतो. रेणूंच्या जगात एवढा वेळ भरपूर झाला. पुढचा गडी निवांत येऊन घेतो. त्याच घडणीचं लोखंडाचं कॉम्प्लेक्स सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागातच घड खाली टाकतं. पुढच्यानं हात पसरायच्या आत! उन्हाची नुसती उष्णता होते, आणि ती आपल्याकडे कमी आहे का? म्हणून लोखंडाभोवतीचे रेणू बदलून बघतात. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या मंडळींनी २०१७ मध्ये कार्बीन नावाचे रेणू लावून ही पकड साधारण हजारपट वाढवली.

पारावर सांगा, 'पोरगी लोखंडाला घड धरायला शिकवते.' पण आधी फोन करून धातू कोणता ते विचारा. तांबं म्हणाली तर गोष्ट थोडी निराळी, मला परत लिहा. लोखंड म्हणाली, तर पाच वर्षांत पीएच.डी. झाली नाही म्हणून तिच्यामागे लागू नका.