डिजिटल रेडिओला भवितव्य आहे का, की उपग्रह आणि इंटरनेट त्याला गिळून टाकतील?

माळ्यावर धूळ खात पडलेल्या एका उपग्रह-रेडिओची या प्रश्नाने आठवण करून दिली, म्हणून लिहीत आहे.

त्या संचाने सुख दिले, हे आधी मान्य करतो. एरवी कानावर न पडणारे संगीत त्यावर दिवसभर जाहिरातींविना चाले. मात्र सुमारे ३६,००० किलोमीटरवरून येणारा क्षीण सिग्नल भिंतीतून आत येत नसल्याने लहानशी अँटेना खिडकीत, उपग्रहाच्या दिशेने नेमकी रोखून ठेवावी लागे. समोरच्या झाडाला पालवी फुटली की आवाज तुटे, आणि मी अँटेना हातात घेऊन खोल्याखोल्यांतून फिरत असताना माझे मेहुणे बसल्या जागेवरून ऐकवत, ‘इंटरनेट घ्या, कटकट मिटेल.’ पुढे ती कंपनीच बंद पडली, माझी आगाऊ भरलेली वर्गणी बुडाली, आणि दुसरे कोणतेही प्रक्षेपण पकडू न शकणारा तो संच उत्तम स्थितीत असूनही कायमचा मुका झाला.

उपग्रहाबाबत मेहुणे बरोबर होते. इंटरनेटबाबत ते साफ चुकले, असे मी आजही म्हणतो. अमेरिकेत उपग्रह-रेडिओ टिकला तो मुख्यतः मोटारींच्या जोरावर, आणि तिथेही सिरियस व एक्सएम या प्रतिस्पर्ध्यांना २००८ साली एक व्हावे लागले. शिवाय शहरांतील उंच इमारतींच्या आड सिग्नल पोहोचवण्यासाठी जमिनीवर पुनःप्रक्षेपक लागलेच. इंटरनेटवर तर प्रत्येक श्रोत्यासाठी स्वतंत्र प्रवाह पाठवावा लागतो. प्रक्षेपणाच्या मनोऱ्याला मात्र दहा श्रोते असले काय आणि दहा लाख असले काय, वीज तेवढीच लागते. वादळात वीज जाऊन मोबाइलचे जाळे कोलमडू लागते आणि नेमके तेव्हाच सगळ्यांना बातम्या हव्या असतात, त्या वेळी हा फरक समजतो. त्यातही, कोण काय ऐकतो याची नोंद मनोरा ठेवत नाही. मेहुण्यांना हा मुद्दा क्षुल्लक वाटतो, मला वाटत नाही.

म्हणून जमिनीवरच्या डिजिटल रेडिओला भवितव्य आहे, विशेषतः मोटारींत. नॉर्वेने २०१७ साली राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम बंद करून डॅब ही जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून होणाऱ्या डिजिटल प्रक्षेपणाची पद्धत स्वीकारली, आणि युरोपीय संघात डिसेंबर २०२० पासून नव्या मोटारींतील रेडिओला डिजिटल प्रक्षेपण घेता येणे बंधनकारक आहे. मध्यम लहरींवरील (मीडियम वेव्ह) डीआरएम या दुसऱ्या डिजिटल पद्धतीबद्दल मी इतका आशावादी नाही, कारण तंत्र चांगले असूनही स्वस्त संच सहज मिळत नाहीत.

आता माझ्या बाजूचे दोषही सांगायला हवेत. डॅबची सुधारित आवृत्ती, डॅब प्लस, २००७ च्या सुमारास आली आणि त्याआधी घेतलेले बहुतेक डॅब संच ती पकडू शकत नाहीत, म्हणजे संच मुका पडण्याचा धोका इथेही आहेच. एफएमवर सिग्नल कमी झाला तर खरखर वाढत जाते, पण ऐकू येत राहते. डिजिटलमध्ये एका मर्यादेपलीकडे एकदम शांतता पसरते. आणि हुकलेला कार्यक्रम हवा तेव्हा ऐकण्याची सोय फक्त इंटरनेटच देते, त्यामुळे घरात मीही बहुतेक वेळा फोनवरच ऐकतो. मेहुण्यांना हे अजून कळलेले नाही.

आपण संच घेणार असाल, तर एफएम, डॅब प्लस आणि इंटरनेट तिन्ही असलेला घ्यावा, आणि कोणाचीही वर्गणी एका महिन्याहून अधिक आगाऊ भरू नये.