सही तुझी, तर चौकशीही तुझीच

पोरी,

विश्रामबागेतला फ्लॅट पसंत पडला, पण कर्जाला एजंट धरू की थेट बँकेत जाऊ, यातच महिना घालवलास. माझं एकच म्हणणं: सही तुझी, तर चौकशीही तूच करायची.

एजंट तुझ्याकडून काही घेत नाही म्हणून तू खूश. अगं, त्याचं कमिशन बँक देते. जिथं कमिशन बरं तिकडं तो तुला नेणार नाही कशावरून? 30 लाख, 20 वर्षं. साडेआठऐवजी नऊ टक्के लागले तर हप्ता साडेनऊशेनं वाढतो. शेवटपर्यंत धर, सव्वादोन लाखांच्या वर जातात. फुकट म्हणे!

मलाही एकानं फॉर्म आणून दिला होता. सह्यांच्या जागी पेन्सिलीच्या फुल्या, उत्पन्नाचा रकाना कोरा. 'भरतो मी नंतर.' फॉर्म तसाच परत दिला. कर्जाला उशीर झाला, बिल्डरचे रोज फोन, घरात अबोला. तुझी काकू अजून ऐकवते. ऐकवू दे. तो रकाना मीच भरला आणि आजही तेच करेन. सही माझी होती ना?

गुंठेवारीचा प्लॉट असता, किंवा दुकान असून रिटर्न जेमतेम असतं, तर जाणता एजंट गाठ असं मीच म्हटलं असतं. कुठं डाळ शिजेल ते त्याला ठाऊक असतं. तुझा पगार दरमहा खात्यात पडतो, तुला कशाला हवा? आणि 'पाच ठिकाणी फाइल टाकतो' म्हणाला तर आधी थांबव. बँकेनं केलेली प्रत्येक चौकशी सिबिलवर, म्हणजे तुझ्या कर्जफेडीच्या नोंदीवर, उमटते.

व्याजदर रेपोला, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते त्याला, जोडलाय का, हे विचार. 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांना बदलत्या दराचं नवं गृहकर्ज अशा बाहेरच्या दराला जोडावंच लागतं, हाउसिंग फायनान्स कंपन्यांवर ते बंधन नाही. एजंट हे आपणहून कशाला सांगेल? 'की फॅक्ट स्टेटमेंट' (Key Facts Statement) माग, म्हणजे कर्जाच्या अटी-खर्चाचा लेखी गोषवारा. 1 ऑक्टोबर 2024 पासून ते देणं सक्तीचं आहे. त्यात व्याज आणि बाकीचे आकार धरून येणारा वार्षिक एकूण दर बघ, नुसतं व्याज नको. विम्याचा हप्ता कर्जातच घुसवलाय का तेही बघ. कळलं नाही तर सही करू नकोस, किती वेळा सांगू?

आधी पगाराच्या बँकेत जा, मग आणखी एका. दोन्हीकडचं लेखी हातात आलं की एजंटाला खुशाल विचार, याहून काय देतोस. शनिवारी निघालीस तर कितवा ते बघ. दुसऱ्या-चौथ्याला बँक बंद असते.

तुझा काका