शंका-समाधान : दया करायची म्हणजे नेमके काय करायचे?

प्रश्न : रोज सकाळी शास्त्राचे तीन अध्याय वाचते, प्रार्थनाही चुकत नाही. तरी कोणाला मदत करायची वेळ आली की आधी कपाळाला आठी पडते. दया अंगी येत नाही, वचनही उमगत नाही. काय चुकते?
– एक भगिनी, वसई

उत्तर : ताई, मननासाठी तीन अध्याय फार होतात, दहा-पंधरा वचने पुरे. हा महिनाभर बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातली 25 ते 37 एवढीच वचने घ्या. लुटारूंनी जखमी करून वाटेत टाकलेल्या माणसाला एका शोमरोन्याने, म्हणजे यहुदी ज्यांना तुच्छ मानत त्या शोमरोनातल्या माणसाने, वाचवले, ती ही गोष्ट. एकदा मोठ्याने वाचा. दुसऱ्यांदा वाचताना त्या शोमरोन्याने काय काय केले ते कागदावर उतरवा : जवळ गेला, तेल व द्राक्षारस लावून जखमा बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले, काळजी घेतली, दुसऱ्या दिवशी दोन दीनार दिले. कळवळ्याचा उल्लेख एकदाच येतो, बाकी सारी कामे. जखमी माणूस याजकाला आणि लेव्यालाही (मंदिराच्या सेवकाला) दिसला होताच, पण ते बाजूने निघून गेले.

दीनार म्हणजे तेव्हाच्या मजुराचा दिवसाचा रोज (मत्तय 20). शोमरोन्याने दोन दिवसांची मजुरी दिली, जास्त खर्च झाल्यास परतताना देण्याचा शब्द दिला आणि पुढची देखभाल उतारशाळेवाल्यावर सोपवली. स्वतः तिथे मुक्काम ठोकला नाही. प्रवचनांत हा भाग बहुधा सुटतो, आणि मग दया म्हणजे स्वतःला पार झिजवणे असा समज होतो.

म्हणून वाचन संपताना माणूस, काम, वार आणि वेळ लिहा : ‘गुरुवारी आजारी शेजारणीला एक वेळचा डबा, अर्धा तास सोबत.’ ‘सर्वांशी प्रेमाने वागेन’ हा निश्चय संध्याकाळपर्यंतही टिकत नाही, कारण त्यात करण्याजोगे काही नसते. आणखी एक खोड म्हणजे वाचताना ‘हे जाऊबाईंना बरोब्बर लागू पडते’ असे मनात येणे. तसे झाले की तेच वचन स्वतःसाठी पुन्हा वाचा. रात्री पाच मिनिटे बसून काम झाले का, नसेल तर कशाने अडले, एवढे पाहा. पुष्कळदा घाईच आडवी आलेली असते.

वचन आधी उमगावे आणि मगच दया सुचावी, असा नियम नाही. पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमध्ये फुलम येथे सिस्टर्सचे, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींचे, काम पाहिले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना त्या मायेने सांभाळत होत्या. ही माया कशापायी, असे रमाबाईंनी विचारल्यावर एका सिस्टरने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली, येशू शोमरोनी स्त्रीशी आपुलकीने बोलतो ती गोष्ट वाचून दाखवली. 1883 च्या सप्टेंबरात वाँटेजला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला.

प्रश्न : चुलतभावाने उसने पैसे बुडवले. मी माफ केले. आता तो पुन्हा मागतो आहे. ‘साताच्या सत्तर वेळा’ म्हणजे पुन्हा द्यायचेच का?
– एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : नाही. माफी जुन्या देण्याची. नवे उसने हा वेगळा निर्णय. भावाला किती वेळा माफ करायचे, हा येशूचा शिष्य पेत्र याचा प्रश्न मत्तयच्या अठराव्या अध्यायात 21 व्या वचनात येतो; ‘साताच्या सत्तर वेळा’ हे त्याचे उत्तर. त्याआधी, 15 व्या वचनापासून, क्रम सांगितला आहे : अपराध आधी एकांतात दाखवायचा, ऐकले नाही तर एक-दोघांना घेऊन जायचे, मग मंडळीला (चर्चला) कळवायचे. आपल्याकडे गावाला आधी कळते, भावाला शेवटी.

पुढच्या दाखल्यातले आकडेही पाहा. त्यात राजा एका चाकराचे कर्ज माफ करतो, पण तो चाकर आपल्या सोबत्याला माफ करत नाही. तालंत म्हणजे सुमारे 6,000 दीनार. चाकराला माफ झालेले 10,000 तालंत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. त्याला सोबत्याकडून येणे होते 100 दीनार. पण तीन-चार महिन्यांची मजुरी ही काही किरकोळ रक्कम नव्हे! तुमचे नुकसान क्षुल्लक होते, असे प्रभू कुठेच म्हणत नाही.

आता नव्या मागणीचे. परतफेडीची आशा न धरता द्या, असे लूक 6:35 मध्ये आहे. तेव्हा बुडाली तरी घरखर्च अडणार नाही एवढीच रक्कम द्या, आणि घरच्यांना विचारून. तेवढीही जमत नसेल तर तोंडावर नाही म्हणा. ‘बघतो’ म्हणून महिनाभर टांगून ठेवू नका. औषध किंवा मुलांची फी असेल तर पैसे हातात न देता थेट मेडिकलमध्ये वा शाळेत भरा. पहिल्या व्यवहाराची चिठ्ठी अजून कपाटात असेल, तर ती त्याच्यासमोर फाडा.