नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये म्युरल करावं की मार्बल फिनिश?

तुम्ही विचारलंय की वाघोडिया रोडला नवीन फ्लॅट घेतलाय, हॉलमधली 12 फुटी भिंत मोकळी आहे, तिच्यावर चित्र काढून घ्यावं की मार्बलसारखं फिनिश करावं, आणि वर्षभरात पोपडे तर निघणार नाहीत ना. मी बडोद्यातच ही दोन्ही कामं करतो म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

तुम्ही जाता जाता शेवटी लिहिलंय की भिंतीच्या पलीकडे बाथरूम आहे. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच. चित्र कुठलं, शेड कुठली हे सगळं नंतर, आधी ती भिंत कोरडी आहे का ते बघा. जाड प्लॅस्टिकचा फूटभर लांब-रुंद तुकडा घ्या, भिंतीच्या खालच्या भागात चारी बाजूंनी टेप लावून हवा जाणार नाही असा चिकटवा आणि एक-दोन दिवस तसाच राहू द्या, काढल्यावर आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा तेवढीच भिंत काळपट झाली असेल तर ओल भिंतीतूनच येतेय. अशा वेळी कुणीही कितीही महागडा रंग सुचवला तरी काम सुरू करू नका. ते पाणी बाहेर येताना विटेतले आणि सिमेंटमधले क्षार सोबत आणतं, पाणी उडून जातं पण क्षार रंगाच्या मागे साठत राहतो आणि शेवटी रंगाला ढकलून बाहेर काढतो, पोपडे येतात ते असे. आतून वॉटरप्रूफ कोट मारून द्या म्हणणारे भेटतील, पण मागून पाणी चालूच असेल तर तो कोटही फुगतो. आधी बाथरूमचे पाइप आणि टाइल्सचे सांधे दुरुस्त करा, मग भिंत पूर्ण सुकू द्या. आणि नवीन प्लास्टर असेल तर किमान 28 दिवस तरी त्याला हातच लावायचा नाही. पावसाळ्यात हे काम काढूच नका, दिवाळीच्या घाईतही नको, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा सगळ्यात चांगला काळ.

आता म्युरल की मार्बल. तुमच्या फोटोत खिडकी त्याच भिंतीला लागून आहे, म्हणजे उजेड बाजूने सरपटत येणार आणि चकचकीत फिनिशवर पुट्टीची प्रत्येक लाट दिसणार. रात्री लाइट बंद करून मोबाइलची टॉर्च भिंतीला टेकवून बघा, लगेच कळेल. शिवाय मार्बल फिनिश खरं वाटतं ते जिथे खरा दगड बसवला असता तिथेच, आणि खरा दगड कधी 12 फूट सलग नसतो, त्याच्या लाद्या असतात, मध्ये सांधे असतात. बरेच जण अख्खी भिंत बिनसांध्याची रंगवतात, वर शिरा सगळ्या एकाच जाडीच्या, मग ते लांबूनच छापल्यासारखं दिसतं. त्यामुळे माझं स्पष्ट मत, मोठ्या भिंतीवर म्युरल करा आणि मार्बलची हौस असेल तर देवघराच्या कोनाड्याभोवती छोट्या पट्ट्यात भागवा.

तो पट्टा तरी नीट व्हावा म्हणून दोन गोष्टी सांगतो. बेस कोट म्हणजे खालचा रंग मॅट नको, सॅटिन म्हणजे किंचित चमक असलेला हवा, कारण मॅट रंग वरचं ग्लेझ पिऊन टाकतो आणि मग ते हलतच नाही. ग्लेझ म्हणजे पातळ पारदर्शक रंग, आणि सगळा खेळ ते ओलं असेपर्यंतच. एक जण लावत जातो, दुसरा लगेच मागून स्पंज किंवा चुरगाळलेल्या कापडाने उठवत जातो, शिरा बारीक ब्रश बोटांत फिरवत, हात किंचित थरथरू देत तिरक्या ओढायच्या, म्हणजे कुठे जाड कुठे अगदी नाहीशी, आणि लगेच कोरड्या मऊ ब्रशने वरून नुसतं फुंकर मारल्यासारखं फिरवायचं म्हणजे कडा दगडात विरघळतात. पंखा बंद ठेवावा लागतो. मे महिन्यात हे काम मी पहाटेच घेतो, दुपारच्या उन्हात ग्लेझ हातातच वाळतं.

म्युरलचं डिझाइन ठरवायच्या आधी दोन ठिकाणी आवर्जून जाऊन या. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा, बडोद्याच्या दिवाणांचं घर, आत एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत, महाभारत, कृष्ण, अगदी मराठे-इंग्रजांची लढाईसुद्धा, पण लहान लहान चौकटींत, जवळ उभं राहून बघायची. आणि सयाजीरावांनी बांधलेलं कीर्ती मंदिर, तिथे चित्रकार नंदलाल बोस यांनी 1939 ते 1946 या काळात गंगावतरण, मीराबाई, महाभारताचं युद्ध आणि टागोरांचं नाटक नटीर पूजा असे विषय घेऊन अख्ख्या भिंती रंगवल्यात. दोन्ही बघून आलात की तुमचं तुम्हालाच कळेल, सोफ्यावरून आठ-दहा फुटांवरून बघायच्या भिंतीला वाड्यासारखं बारीक काम घातलं तर ते वाया जातं. आकार मोठे ठेवा आणि खालचे अडीच-तीन फूट सोफ्यामागे जाणार हे धरूनच मांडणी करा. जंगल, वडाचं झाड, नवरात्रीतला गरबा, जे घरातल्यांना जवळचं वाटेल ते घ्या, इंटरनेटवरून उचललेलं तेच तेच पिसारा पसरलेलं मोराचं चित्र मात्र कृपया नको.

चित्रकाराला विचारा की भिंतीवर उतरवणार कसं. प्रोजेक्टर चालतो, चौकटी आखून चालतं, पण बॉर्डर किंवा पुन्हा पुन्हा येणारी वेल असेल तर खाका सगळ्यात चांगला. कागदावर रेघ काढून तिच्यावर सुईने भोकं पाडायची, कागद भिंतीला लावून कोळशाच्या भुकटीची कापडी पुरचुंडी वरून थापटत जायचं, कागद उचलला की ठिपक्यांची रेघ उमटलेली असते. मग हव्या तितक्या वेळा तोच कागद पुढे सरकवा, वेल हलत नाही.

दर चौरस फुटावर सांगतात, तेव्हा त्यात पुट्टीचे दोन हात, घासणं, प्रायमर आणि शेवटचा मॅट वार्निश धरलाय का ते लेखी घ्या. फ्लोरोसंट रंग वापरू देऊ नका, खिडकीजवळ ते लवकर उडतात. काम संपलं की प्रत्येक शेडचा थोडा रंग घट्ट झाकणाच्या डब्यात, वर चिठ्ठी लावून मागून घ्या, उद्या एसीच्या पाइपसाठी कुणी भोक पाडलं तर तेवढाच भाग पुन्हा जुळवता येतो.