पुंगळी छाटावी, कापावी की कातावी?

रायफल नेमबाजीवरील एका इंग्रजी माहितीपुस्तिकेचे मराठीकरण करणाऱ्या सोलापुरातील एका अनुवादकांनी विचारले आहे की, वापरलेले काडतूस पुन्हा भरण्यापूर्वी करावयाच्या ‘ट्रिम द केस टु अ सेफ लेंग्थ’ या कृतीला मराठीत काय म्हणावे. त्यांनी स्वतः केलेले भाषांतर असे आहे : ‘काडतुसाचे आवरण सुरक्षित लांबीपर्यंत छाटावे.’ वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पण त्यातील आवरण, सुरक्षित आणि छाटावे हे तिन्ही शब्द मला थोडेथोडे खटकतात.

‘आवरण’ प्रथम बाजूला ठेवू, कारण येथे शब्द शोधण्याची गरजच नाही. गोळीबाराच्या बातम्यांत ‘घटनास्थळी दोन रिकाम्या पुंगळ्या सापडल्या’ असे आपण नेहमी वाचतो. गोळी निघून जाते आणि मागे उरते ती पितळेची पुंगळी. पुंगळी म्हणजे पोकळ नळी. कागद गुंडाळला की त्याचीही पुंगळीच होते, आणि योगायोग असा की काडतुसाचे मूळही कागदातच आहे. हा शब्द पोर्तुगीज ‘कार्तुशो’वरून मराठीत आला (हिंदीने ‘कारतूस’ म्हणून रकार राखला, आपण त्याचा डकार केला), आणि त्याच्या मुळाशी कागद या अर्थाचा ‘कार्ता’ हा शब्द आहे. 1857 साली शिपायांनी दाताने तोडण्यास नकार दिला ती चरबी लावलेली काडतुसे कागदाचीच होती. जाता जाता लेखनाचे एक सांगतो : एकवचनी ‘काडतूस’मधील तू दीर्घ, पण ‘काडतुसे’, ‘काडतुसाला’ यांत तो ऱ्हस्व होतो. तसेच अख्ख्या काडतुसाला ‘गोळी’ म्हणण्याची वृत्तपत्री सवय माहितीपुस्तिकेत तरी नको. पुंगळी, दारू पेटवणारी टोपी, दारू आणि गोळी मिळून एक काडतूस होते.

आता क्रियापद. ते ठरवण्यापूर्वी पितळेचे काय होते हे पाहावे लागते. बार उडाला की आतील वायूच्या दाबाने पुंगळी फुगते. पुढे साच्यात दाबून तिला मूळ आकारात आणताना पितळ मानेच्या दिशेने सरकते आणि पुंगळी प्रत्येक खेपेस किंचित लांबते. (खांदा, मान आणि तोंड हे शब्द जसे मडक्याला चालतात, तसेच येथेही चालतात.) लांबी हद्दीबाहेर गेली, तर चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या खोबणीत, बसवताना पुंगळीचे तोंड पुढच्या कडेत रुतते आणि गोळीला आवळून धरते, अशी आवळलेली गोळी वेळेवर सुटत नाही व दाब धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकतो. वाढलेले काढून टाकायचे, या अर्थाने ‘छाटणे’ अगदीच चुकीचे नाही. पण आमच्या जिल्ह्यात छाटणी म्हटले की डोळ्यांसमोर द्राक्षबाग येते, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. तेथे कात्री वीतभर फांदी उडवते. येथे काढायचे असते ते एका इंचाचा शंभरावा भाग, म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटर. सुतार-गवंड्यांच्या भाषेत एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हे त्या सुताचा बारावा हिस्सासुद्धा नव्हे.

म्हणून माझी शिफारस ‘कातणे’ या क्रियापदाची आहे. पुंगळी धरून तिच्या तोंडावर पाते फिरवायचे, ही कृती छोट्या लेथवरच्या कामासारखीच आहे, आणि लेथवर काम करणाऱ्यासाठी ‘कातारी’ हा शब्द मराठीत जुना आहे. सोलापूरकरांना मात्र कातणे म्हटले की सूतगिरणीच आठवणार, हे मान्य. संस्कृतातही ‘कृत्’ हा धातू दोनदा येतो, एकदा तोडण्याच्या आणि एकदा गुंडाळण्याच्या, म्हणजेच सूत कातण्याच्या अर्थाने. कातल्याने सूत लांबते आणि पुंगळी आखूड होते, ही गंमत मला तरी या शब्दाच्या विरोधात जाणारी वाटत नाही.

शब्द पुस्तकी होत नाही ना, हे पाहण्यासाठी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत एका टर्नरना मी पितळेचा बुश दाखवून विचारले की, याची लांबी एवढीशी कमी करायची, तर तुम्ही काय म्हणाल? त्यांनी व्हर्निअरच्या जबड्यात बुश धरला, आकडा वाचला आणि उत्तर दिले, “तोंड मारून मापात आणायचं. किती, दहा थाऊ? मग बर काढावीच लागंल, नाहीतर हात कापतोय.” (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.) एका उत्तरात मला तीन गोष्टी मिळाल्या : कृती तोंडावर होते, शेवट लांबीत नव्हे, ‘मापात’ होतो, आणि कापल्यावर उरलेली धारदार कड, म्हणजे बर, काढल्याशिवाय काम पुरे होत नाही. पुस्तिकेतही पुढचे वाक्य बर काढण्याविषयीच असणार.

राहिला ‘सुरक्षित’. मराठीत मुळात सुरक्षित असतो तो ज्याला धोका नाही असा माणूस किंवा ठेवा. ज्याच्यापासून धोका नाही, अशा वस्तूलाही तो शब्द लावणे इंग्रजीच्या वळणाने आले. ‘सुरक्षित अंतर’ आता रुळले आहे, म्हणून मी भांडत नाही. येथे मात्र तो संदिग्ध आहे, कारण प्रत्यक्षात मापे दोन आहेत : जिच्यापुढे जायचे नाही ती कमाल लांबी आणि कातून जेथवर आणायचे ती ठरलेली लांबी. पॉइंट 308 विंचेस्टर या रायफलीच्या काडतुसाच्या पुंगळीसाठी पहिली 51.18 मिलिमीटर आणि दुसरी 50.93 मिलिमीटर मानतात. ‘सुरक्षित लांबी’ म्हटल्यावर वाचक यांतील कोणती धरेल, हे सांगता येत नाही.

तेव्हा मी वाक्य असे लिहीन : ‘साच्यातून काढलेली पुंगळी मोजावी, ती कमाल लांबीपेक्षा वाढली असल्यास तिचे तोंड कातून ठरलेल्या मापात आणावे व बर काढावी.’ त्याआधी एक ओळ जरूर टाकावी की, आपल्याकडे परवान्याशिवाय काडतुसे तयार करणे शस्त्र अधिनियम, 1959 नुसार गुन्हा आहे.